वाहनचालकांची कालनोंद

वाहनचालकांची कालनोंद : भाड्याने किंवा धंद्यासाठी चालविल्या जाणाऱ्या मालवाहू व प्रवासी मोटारींवरील चालकाने किती वेळ वाहन चालविले, किती वेळ इतर काम केले आणि किती वेळ विश्रांती घेतली, यांची ठराविक पद्धतीने ठेवलेली नोंद. ही नोंद हस्तलिखित पुस्तिकेत, यांत्रिक आलेखावर किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणात ठेवता येते. पश्चिमी देशांत हे तिन्ही टप्पे क्रमाने आले. भारतात कामाच्या तासांचा कायदा लवकर झाला व इलेक्ट्रॉनिक उपकरणेही आली. परंतु ती मुख्यतः वाहनाची व मालाची नोंद ठेवतात, चालकाच्या तासांची नाही. या विसंगतीचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला असून, औद्योगिक व किनारी वाहतूक जेथे एकत्र येते त्या पालघर जिल्ह्यातील केळवे–बोईसर–तारापूर परिसराच्या उदाहरणाने तो स्पष्ट केला आहे.

प्रयोजन : रेल्वेचा चालक ठराविक वेळापत्रकानुसार व स्थानकांच्या देखरेखीखाली काम करतो. कारखान्यातील कामगाराची हजेरी फाटकावर लागते. मालमोटारीचा चालक मात्र मालकापासून व सरकारी निरीक्षकापासून शेकडो किमी. दूर एकटा असतो. त्याचे काम केव्हा सुरू झाले व केव्हा संपले, हे त्याच्या स्वतःखेरीज कोणालाच प्रत्यक्ष माहीत नसते. त्यामुळे कामाच्या तासांवर मर्यादा घालणारा कायदा केवळ मर्यादा सांगून अंमलात येऊ शकत नाही. विश्वासार्ह नोंद हा त्या कायद्याचाच एक आवश्यक भाग ठरतो. शिवाय थकवा हा अपघाताच्या कारणांपैकी सिद्ध करण्यास सर्वांत कठीण असा घटक आहे. मद्यपानाची तपासणी श्वासावरून वा रक्तावरून होऊ शकते. अपघातापूर्वी चालक किती तास जागा होता हे दाखविणारी अशी कोणतीही चाचणी नाही. ते फक्त आधीच्या नोंदींवरूनच कळू शकते. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्यू पावल्या. यांपैकी किती मृत्यूंमागे थकवा होता, या प्रश्नाचे उत्तर कालनोंदीच्या अभावी देता येत नाही.

परदेशांतील विकास : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३५ च्या मोटार वाहतूक अधिनियमाने आंतरराज्यीय मालवाहतूक सरकारी नियंत्रणाखाली आली आणि त्या दशकाच्या अखेरीस चालकांच्या तासांविषयीचे नियम अंमलात आले. चालकाने आपल्या रोजच्या तासांची नोंद आपल्या हाताने नोंदवहीत भरावी, अशी त्यांत तरतूद होती. ही पद्धत सु. ऐंशी वर्षे टिकली. तिचा दोष उघड होता : जो लिहितो त्याच्याच विरुद्ध ती नोंद पुरावा ठरत असे. एकाच दिवसाच्या दोन वह्या ठेवणे, वाटेतील थांबे मागाहून भरणे असे प्रकार सर्रास चालत. चालकवर्गात या वहीला विनोदाने ‘चित्रकथेचे पुस्तक’ म्हणत.

त्याच सुमारास, १९३९ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने रस्ता वाहतुकीतील कामाचे तास व विश्रांती यांविषयीचा करार (क्र. ६७) आणि व्यक्तिगत नियंत्रण पुस्तिकेविषयीची शिफारस स्वीकारली. १९७९ च्या सुधारित करारात (क्र. १५३) सलग चार तास, दिवसाला नऊ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी वाहन चालविण्याची कमाल मर्यादा सुचविण्यात आली. जेथे पुस्तिका अपुरी पडेल तेथे टॅकोग्राफसारख्या आधुनिक साधनांचा अवलंब करावा, असेही त्यात म्हटले आहे. भारताने या कराराला अनुसमर्थन दिलेले नाही.

टॅकोग्राफ हे वेग व काल यांची नोंद करणारे यंत्र होय. त्याच्या मूळ रूपात घड्याळाच्या गतीने चोवीस तासांत एक फेरी पूर्ण करणारी, मेणाचा लेप दिलेली कागदी चकती असे. सूक्ष्म सुयांच्या टोकांनी तिच्यावर वेग, कापलेले अंतर आणि काम व विश्रांती यांच्या खुणा उमटत. युरोपीय आर्थिक समूहाने १९७० च्या विनियमाने हे यंत्र अवजड वाहनांसाठी बंधनकारक केले. ब्रिटनमधील चालकांनी त्यास ‘केबिनमधील हेर’ असे नाव दिले व प्रारंभी त्याला कसून विरोध केला. १ मे २००६ पासून नव्या वाहनांत अंकीय टॅकोग्राफ आला. त्यात प्रत्येक चालकाचे स्वतंत्र कार्ड असते आणि ते यंत्रात घातल्याशिवाय चालकाच्या नावावर नोंद होत नाही. त्यामुळे एकच वाहन दोन चालकांनी चालविले, तरी प्रत्येकाचे तास वेगळे मोजले जातात. एकाच चालकाने दोन वाहने चालविली, तर त्याचे तास एकत्र होतात. नोंद वाहनाला न चिकटता माणसाला चिकटते, हे या पद्धतीचे मर्म होय. युरोपीय संघाच्या २००६ च्या विनियमानुसार साडेचार तास वाहन चालविल्यावर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती सक्तीची असून दिवसाची सर्वसाधारण मर्यादा नऊ तासांची आहे.

अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक कालनोंदणीची सक्ती २०१२ च्या कायद्याने ठरली. तिचे अंतिम नियम डिसेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले व १८ डिसेंबर २०१७ पासून त्यांची अंमलबजावणी सुरू झाली. जुन्या प्रकारच्या उपकरणांना दिलेली सवलत डिसेंबर २०१९ मध्ये संपली. हे उपकरण एंजिनाच्या नियंत्रक यंत्रणेला जोडलेले असते. एंजिन चालू आहे की नाही, वाहन हलते आहे की नाही, कापलेले अंतर व ठिकाण यांची नोंद ते आपोआप करते. चालकाला आपल्या खुणेने त्यात प्रवेश करावा लागतो. तेथे मालवाहू चालकाला सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त अकरा तास वाहन चालविता येते व तेही कामावर आल्यापासून चौदा तासांच्या आत. या सक्तीलाही विरोध झाला. आधीचा २०१० चा नियम चालकांच्या संघटनेने न्यायालयात नेला होता. उपकरणाचा उपयोग करून मालक चालकाचा छळ करणार नाही याची हमी त्या नियमात नाही, या कारणास्तव २०११ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. नंतरच्या नियमांत छळप्रतिबंधक तरतुदी घालाव्या लागल्या. कालनोंदणीचे साधन चालकाचे रक्षण करू शकते, तसेच त्याच्यावर अंकुशही ठेवू शकते, ही गोष्ट या खटल्याने अधोरेखित केली.

भारतातील कायदे : भारतात मोटार वाहन अधिनियम, १९३९ याच्या ६५ व्या कलमाने परिवहन वाहनांच्या चालकांचे तास प्रथमच देशभर मर्यादित केले. सलग पाच तास वाहन चालविल्यानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, तसेच दिवसाच्या व आठवड्याच्या एकूण तासांवर मर्यादा, अशा तरतुदी त्यात होत्या. स्वातंत्र्यानंतर याहून व्यापक असा मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ संमत झाला. त्याने दिवसाला आठ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या वाहतुकीसाठी ती अनुक्रमे दहा व चौपन्न तासांपर्यंत शिथिल करता येई. पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती, दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तासांची विश्रांती, आठवड्याची सुटी, विश्रांतीसह एकूण कामाचा पसारा सर्वसाधारणतः बारा तासांच्या आत आणि जादा कामास दुप्पट वेतन, ही त्याची अन्य वैशिष्ट्ये होती. अनेक राज्यांच्या नियमांत व्यक्तिगत नियंत्रण पुस्तिकेची तरतूद करण्यात आली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ९१ व्या कलमाने चालकांचे तास १९६१ च्या अधिनियमाप्रमाणे असतील असे पुढे ठरविले. त्याच कलमान्वये राज्य शासनाला कामाचे तास आगाऊ ठरवून घेण्याचा व अशा ठरविलेल्या तासांची नोंद ठेवण्याविषयी नियम करण्याचा अधिकार आहे. यावरून नोंदीचे महत्त्व भारतीय कायदेकर्त्यांना अवगत होते, असे दिसून येते.

तरीही हा कायदा मालवाहतुकीत रुजला नाही. त्याची तीन प्रमुख कारणे सांगता येतात. पहिले कारण व्याप्तीचे. १९६१ चा अधिनियम पाच किंवा अधिक मोटार परिवहन कामगार असणाऱ्या उपक्रमांनाच मुख्यतः लागू होता. भारतीय मालवाहतूक मात्र एक-दोन ते चार मोटारी असणाऱ्या लहान मालकांच्या हाती मोठ्या प्रमाणात विखुरलेली आहे. दुसरे कारण अधिकाराच्या विभागणीचे. चालकाचे तास हा कामगार खात्याचा विषय, तर वाहन व परवाना हा परिवहन खात्याचा. रस्त्यावर वाहन थांबविण्याची सोय ज्याच्याकडे आहे तो मोटार वाहन निरीक्षक कागदपत्रे, वजन व वाहनाची सुस्थिती पाहतो. तासांची पुस्तिका पाहणे हे ज्याचे काम तो निरीक्षक रस्त्यावर नसतो. तिसरे कारण व्याख्येतच दडलेले होते. अधिनियमातील कामाच्या तासांच्या व्याख्येत वाहन चालण्याचा काळ व आनुषंगिक काम यांबरोबर अंत्यस्थानकावरील नुसत्या उपस्थितीचा काळही धरला होता, पण तो पंधरा मिनिटांहून कमी असेल तरच. बसच्या दोन फेऱ्यांमधील विसाव्यासाठी हे माप ठीक होते. कारखान्याच्या फाटकाबाहेर माल भरण्याची वाट पाहत काढलेल्या रात्रीला ते पुरे पडत नाही.

राज्य परिवहनाचा अनुभव यापेक्षा वेगळा आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली बस धावल्यापासून एस.टी.च्या चालकाचे काम आगार, वेळापत्रक व नेमून दिलेल्या फेऱ्या यांनी बांधलेले आहे. चालक कामावर केव्हा आला व केव्हा सुटला, हे आगारात समजते. संघटित कामगार संघटनांमुळे जादा तासांचा हिशेबही मागितला जातो. एस.टी.च्या पालघर विभागातील पालघर, बोईसर किंवा डहाणू आगाराच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या बसचा चालक आणि त्याच रस्त्यावरून तिच्या मागे येणाऱ्या टँकरचा चालक, हे एकाच कायद्याखाली आले. परंतु एकाच्या तासांची नोंद होते, दुसऱ्याच्या होत नाही. नोंद ही यंत्रापेक्षा संघटनेवर अधिक अवलंबून असते, असे यावरून म्हणता येईल.

केळवे–तारापूर परिसर : केळवे हे पालघर तालुक्यातील समुद्रकिनाऱ्यावरचे गाव. शेजारच्या माहीमसह ‘केळवे–माहीम’ असा त्याचा जोडनामाने उल्लेख होतो. ब्रिटिश अंमलात हा भाग ठाणे जिल्ह्याच्या माहीम तालुक्यात मोडत असे; १ ऑगस्ट २०१४ पासून तो स्वतंत्र पालघर जिल्ह्यात आहे. शीतलादेवीचे मंदिर, समुद्रकिनारा आणि पानवेली, केळी व नारळ यांच्या वाड्या यांसाठी गाव प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मुंबई–बडोदा लोहमार्ग झाल्यावर येथील नाशवंत मालाला दूरच्या बाजारपेठा खुल्या झाल्या. गावापासून काही अंतरावर असलेले केळवे रोड स्थानक त्याच मार्गावर आहे. पाने, भाजीपाला व सातपाटीसारख्या बंदरांची मासळी हा माल वेळेशी बांधलेला असतो. पहाटेच्या बाजारात पोहोचण्यासाठी तो रात्री निघतो. रात्रीचे जागरण हा या वाहतुकीचा मूळ स्वभावच आहे.

केळव्याच्या उत्तरेस बोईसर व तारापूर येथे या वाहतुकीचे स्वरूप बदलले. तारापूर येथील भारतातील पहिले अणुवीजनिर्मिती केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (स्थापना १९६२) तारापूर औद्योगिक वसाहत बोईसरजवळ उभी राहिली. रसायने, औषधी द्रव्ये, कापड व पोलाद हे तिच्यातील प्रमुख उद्योग होत. वसाहतीतून चिल्हार फाट्यापर्यंत जाणारा रस्ता मुंबई–अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गाला (पूर्वीचा क्र. ८, आताचा क्र. ४८) मिळतो. आम्ले, विद्रावके व इतर ज्वालाग्राही द्रवांचे टँकर एका बाजूने न्हावा-शेवा बंदराकडून, तर दुसऱ्या बाजूने वापी, अंकलेश्वर, भरूच या गुजरातेतील औद्योगिक केंद्रांकडून येथे येतात. मुंबई व ठाणे परिसरात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना प्रवेशबंदी असते. त्यामुळे दिवसाचा वेळ थांबण्यात व रात्रीचा वेळ वाहन हाकण्यात जातो.

अशा मालासाठी भारतीय नियमांनी कालनोंदीची एक स्पष्ट तरतूद केली आहे, ही गोष्ट फारशी परिचित नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२९ व्या नियमानुसार मानवी जीवितास धोकादायक असा माल वाहणाऱ्या प्रत्येक मालमोटारीवर टॅकोग्राफ बसविणे आवश्यक आहे. वाहन चालण्याचा काळ, राखलेला वेग, वेगवाढ व वेगघट यांची नोंद करणारे आणि भारतीय मानक ब्यूरोच्या विनिर्देशांनुसार असलेले यंत्र, असे त्याचे वर्णन नियमातच आहे. म्हणजे सर्वसाधारण मालमोटारींच्या बाबतीत नसलेली सक्ती तारापूरच्या टँकरांच्या बाबतीत कागदावर होती. तथापि युरोपात या यंत्राबरोबर चालकाचे कार्ड, यंत्रांची मुद्रांकित तपासणी करणारी केंद्रे आणि चकत्या वाचणारे निरीक्षक यांची जी साखळी उभी राहिली, ती भारतात उभी राहिली नाही. नोंद वाचणारा नसेल, तर नोंद करणारे यंत्र हे केवळ एक अधिकचा सुटा भाग ठरते.

वाहनस्थान निदर्शक उपकरणे : भारतातील इलेक्ट्रॉनिक देखरेखीचा प्रारंभ चालकाच्या तासांपासून नव्हे, तर प्रवाशांच्या, विशेषतः स्त्रियांच्या सुरक्षिततेच्या प्रश्नापासून झाला. नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम घालण्यात आला व सार्वजनिक सेवा वाहनांवर स्थाननिदर्शक उपकरण आणि संकटकालीन कळ सक्तीची झाली. नव्या वाहनांसाठी ही सक्ती १ जानेवारी २०१९ पासून लागू झाली. या उपकरणांचे एआयएस-१४० हे मानक ज्या मानकमालेत येते, तिचे काम पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय, स्थापना १९६६) या संस्थेकडे आहे. उपकरणात उपग्रहांवरून स्थान घेणारा ग्राही, दूरध्वनी जाळ्यामार्फत माहिती पाठविणारा भाग, स्वतंत्र विद्युत् घट व माहितीचा साठा असतो. अतिवेग, अचानक गतिरोध, तीव्र वळण, तसेच उपकरणाची तार तोडणे यांची सूचना ते नियंत्रण केंद्राला देते. २०२२ मधील दुरुस्तीने धोकादायक माल वाहणाऱ्या साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या मालमोटारींनाही हे उपकरण आवश्यक झाले : नव्या प्रतिरूपांसाठी १ सप्टेंबर २०२२ पासून व चालू प्रतिरूपांसाठी १ जानेवारी २०२३ पासून.

याच काळात रस्त्यावरील मालाची इलेक्ट्रॉनिक नोंद करणाऱ्या आणखी दोन योजना आल्या. वस्तू व सेवा कराखालील ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्यीय मालवाहतुकीस आवश्यक झाले आणि पथकर नाक्यांवरील फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाला. परिणामी बोईसरहून निघालेल्या मालमोटारीचे स्थान उपग्रहाला कळते. चारोटी किंवा खानिवडे नाका तिने किती वाजता ओलांडला हे बँकेला कळते. आतील मालाची किंमत व मुदत कर खात्याला कळते. सुकाणूवर कोण बसला आहे आणि तो किती तासांपासून बसला आहे, हे मात्र या तिन्हींपैकी कशातही नोंदविले जात नाही. एआयएस-१४० उपकरणात युरोपातील चालककार्डासारखी चालकाच्या तासांची तरतूद नाही. दोन चालकांनी आळीपाळीने चालविलेले वाहन आणि एकाच चालकाने न झोपता चालविलेले वाहन ही या नोंदीत सारखीच दिसतात.

कर खात्याच्या मुदतीमुळे चालकाला धावपळ करावी लागते, असा एक समज आहे. तो तपासून पाहता येतो. १ जानेवारी २०२१ पासून ई-वे बिलाची मुदत सर्वसाधारण मालासाठी दर २०० किमी. अथवा त्याच्या भागास एक दिवस अशी आहे. तत्पूर्वी ती दर १०० किमी.ला एक दिवस होती. तेराशे किमी.च्या प्रवासासाठी म्हणून सात दिवस मिळतात. ताशी सरासरी ४० किमी. वेगाने रोज आठच तास वाहन चालविले, तरी दिवसाला ३२० किमी. होतात व हा प्रवास पाचव्या दिवशी पुरा होतो. म्हणजे कामगार कायदा पाळूनही कर खात्याची मुदत सहज पाळता येते. घाई अन्यत्र निर्माण होते. चालकाचा मोबदला सामान्यतः तासांवर नव्हे, तर खेपेवर ठरतो. माल भरण्या-उतरविण्यासाठी फाटकाबाहेर गेलेल्या वेळाचे त्याला वेगळे पैसे मिळत नाहीत. परतीचा माल मिळेपर्यंत वाहन रिकामे उभे राहते आणि मालकाचे कर्जाचे हप्ते चालूच असतात. फुकट गेलेला हा सगळा वेळ रस्त्यावर भरून काढला जातो. म्हणूनच केवळ वाहन चालण्याचे तास मोजणारी यंत्रणा अपुरी ठरेल; थांबून काढलेला वेळ कोणाच्या खात्यावर टाकावयाचा, हा प्रश्नही तिला सोडवावा लागेल.

अलीकडील घडामोडी : सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी वैमानिकांप्रमाणे मालमोटारींच्या चालकांचेही तास निश्चित असावेत व झोपेची सूचना देणारी साधने वाहनांत असावीत, असे प्रतिपादन केले. चालकाच्या तंद्रीचा इशारा देणाऱ्या यंत्रणेसाठी एआयएस-१८४ हे मानक तयार करण्यात आले. १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींना वातानुकूलित केबिन आवश्यक करण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एस. राजसीकरन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात चालकांच्या तासांविषयीच्या तरतुदींच्या अंमलबजावणीकडे लक्ष वेधले आणि परिणामकारक पद्धत ठरविण्यासाठी राज्यांच्या संबंधित खात्यांच्या बैठका घेण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. तासांवरील मर्यादा प्रथम कायद्यात आली त्यास तोपर्यंत पंच्याऐंशीहून अधिक वर्षे होऊन गेली होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अंमलात आली आणि १९६१ चा अधिनियम तीत विलीन झाला. दिवसाला आठ तासांचे तत्त्व संहितेने कायम ठेवले आहे. मात्र आस्थापनेच्या व्याख्येत मोटार परिवहन उपक्रमासाठी कामगारांची किमान संख्या पाचावरून दहावर गेली आहे. लहान मालकांचे प्राबल्य असलेल्या या धंद्यात याचा अर्थ असा होतो, की ज्या चालकांचे तास नोंदविणे सर्वांत कठीण होते, त्यांतील काही आता या संरक्षणाच्या व्याप्तीबाहेर गेले आहेत.

चालकाच्या उत्तरदायित्वाची बाजू मात्र कडक होत आहे. भारतीय न्याय संहितेतील, अपघातानंतर पोलिसांना न कळविता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगणाऱ्या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ च्या प्रारंभी देशभर, तसेच महाराष्ट्रातही, मालमोटारींच्या चालकांनी संप केला. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम लागू करण्यात आले नाही. अपघातानंतरच्या काही मिनिटांतील चालकाच्या वर्तनाचा विचार कायदा करतो. त्यापूर्वीच्या वीस तासांत त्याच्याकडून किती काम करून घेतले गेले, हे दाखविणारा कागद न्यायालयासमोर येत नाही. कालनोंद नसल्याने मालकाचे व माल मागविणाऱ्याचे उत्तरदायित्व अदृश्य राहते व चालकाचे तेवढे दिसते. या दृष्टीने कालनोंद हा चालकावरील पहारा नसून त्याच्या बाजूचा साक्षीदारही ठरू शकतो.

भवितव्य : ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सु. ७६,००० कोटी रुपये खर्चाच्या या बंदरात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा ७४ टक्के व महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा आहे. स्थानिक मच्छीमारांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला आहे. बंदर पूर्ण झाल्यावर या परिसरातील मालपेट्यांची वाहतूक अनेक पटींनी वाढेल व केळव्यापासून डहाणूपर्यंतच्या किनारपट्टीतील रस्त्यांवर रात्रंदिवस अवजड वाहने असतील. त्याच समारंभात मासेमारी नौकांवर एक लाख संदेशवाहक उपकरणे बसविण्याच्या राष्ट्रीय योजनेचाही प्रारंभ झाला. उपग्रहाद्वारे चालणाऱ्या या उपकरणातून नौकेचे स्थान किनाऱ्यावर कळते, तसेच वादळाची सूचना किनाऱ्यावरून नौकेला मिळते आणि संकटात सापडलेला तांडेल आपली हाक किनाऱ्यापर्यंत पोहोचवू शकतो. उपकरणाचा लाभ ज्याच्यावर लक्ष ठेवावयाचे त्यालाही व्हावा, हे तत्त्व येथे मान्य झालेले दिसते. रस्त्यावरील चालकाच्या बाबतीत ते अद्याप मान्य व्हावयाचे आहे.

त्यासाठी नवे यंत्र शोधण्याची आवश्यकता नाही. स्थाननिदर्शक उपकरणे वाहनांवर आहेत. चालकांच्या अनुज्ञप्तींची माहिती परिवहन खात्याच्या सारथी या संगणकीय प्रणालीत आहे. मालाच्या खेपांची माहिती ई-वे बिलात आहे. ही तीन टोके चालकाच्या नावाने जोडणे, जमा होणारी नोंद वाचण्याचा अधिकार व जबाबदारी एकाच यंत्रणेकडे देणे, लहान मालकांच्या चालकांना कायद्याच्या कक्षेत आणणे आणि फाटकाबाहेरील प्रतीक्षेचा काळ कामाचा काळ मानणे, या चार गोष्टींवर भारतातील कालनोंदीचे यश अवलंबून राहील. तसेच महामार्गालगत सुरक्षित वाहनतळ व झोपण्याची सोय नसेल, तर आठ तास पुरे झाल्याचे सांगणारे उपकरण चालकाला थांबण्याची आज्ञा देईल. पण थांबावयाचे कोठे, हे त्याला सांगू शकणार नाही.